भुईचाफ्याच्या तीन कुंड्या

एका गावात एक सासू होती, आणि तिच्या परसात ऊन येत नसे. पुढचे सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. त्या परसातली फुले साऱ्या आळीने पाहिली. पण ती येण्याआधी तिथे काय घडले, ते पाहायला कोणीही हजर नव्हते, ही कथा सांगणारी तर नव्हतीच. ते सासूने स्वतः सांगितले म्हणून कळले. ज्यात आपलाच कमीपणा आहे अशी हकीकत माणूस सहसा रचून सांगत नाही, एवढाच या कथेला आधार.

परसात फणसाचे जुने झाड होते. त्याच्या दाट सावलीत झेंडू नुसता उंच वाढून आडवा होई आणि मोगऱ्याला पाल्याखेरीज काही येत नसे. एरवी याचे कोणाला फारसे वाटले नसते. पण त्या आळीची रीत अशी, की चैत्रात गौर झोपाळ्यावर बसली की तिला पहिले फूल आपल्याच परसातले वाहायचे. सासूच्या घरी मात्र पहिले फूलही शेजारणीकडून येई. ओंजळभर मोगरा देताना शेजारीण दरवर्षी म्हणे, "घ्या हो, संकोच करू नका. आमच्याकडे ऊन आहे ना भरपूर!" जणू सूर्य तिच्या माहेरचा होता.

मग घरात सून आली. तिने माहेरून भुईचाफ्याचे कंद आणले होते. पावसाळ्याच्या तोंडाशी तिने ते तीन कुंड्यांत लावले आणि कुंड्या फणसाखालच्या पायरीवर मांडल्या.

"अगं, इथे? इथे शेवाळाशिवाय काही येत नाही," सासू म्हणाली.

"याला सावलीच लागते, आई. उन्हात पानं करपतात. आमचं माहेरचं परसही असंच अंधारं आहे."

"म्हणजे अंधारी परसं बघूनच सोयरीक जुळवली म्हणायची!"

पावसाळाभर कुंड्यांत रुंद पाने डुलली; वरून चट्ट्यापट्ट्यांची, खालून जांभळी. थंडी पडली तशी ती पिवळी होऊन गळाली आणि कुंड्यांत उघडी माती उरली. त्याच सुमारास सून बाळंतपणासाठी माहेरी निघाली.

"आता यांना झोपू द्यायचं," जाताना तिने बजावले. "पाणी घालायचं नाही, ओलाव्यानं कंद कुजतो. उकरून बघायचं नाही. चैत्रात माती तापली की आधी फूल येईल, पानं मागून."

"पानांआधी फूल? बरं बाई. आणि तोवर मी काय करायचं?"

"काहीच नाही."

असे काम सासूला आयुष्यात कोणी सांगितले नव्हते. शिजत्या भाताचे झाकण ती पुन्हापुन्हा उचलून बघे. विरजण लागले का हे बोट घालून पाहिल्यामुळे तिच्या घरचे दही क्वचितच घट्ट लागे. निगा राखणे म्हणजे हात लावणे, अशी तिची ठाम समजूत होती.

पौष तिने कसाबसा काढला. माघात एके सकाळी शेजारीण कुंपणावरून डोकावली.

"काय हो, मातीची राखण चाललीय वाटतं?"

"भुईचाफा आहे तो."

"असेल बाई. मला नुसती भुई दिसते. यंदाही तुमच्यासाठी मोगरा बाजूला ठेवते हं!"

ते शब्द सासूच्या वर्मी लागले. शेजारीण आत गेल्यावर तिने पहिल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतले. काही दिवस असे गेले आणि माती तशीच गप्प राहिली, तेव्हा न राहवून तिने त्या कुंडीत बोट खुपसले. बोटाखाली काहीतरी कट्कन मोडले. ते मूळ होते, कोंब होता की नुसती वाळकी काडी, हे पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही. तिने माती सारखी केली आणि पदराला हात पुसला.

खरी परीक्षा यानंतर सुरू झाली. उरलेल्या दोन कुंड्याही मेल्या नसतील कशावरून? एकदा उकरून पाहिले असते, तर जीव निवांत झाला असता. पण ज्या बोटाने खात्री करून घ्यायची, त्याच बोटाने घात होतो, हे तिला आता कळले होते. मग हात शिवशिवले की ती तांब्या भरून घेई आणि फणसाच्या बुंध्याशी रिता करी. त्या वर्षी फणसाला विक्रमी फळे लागली असे आळीत सांगतात. ती या पाण्यामुळेच लागली, असे मात्र ठामपणे म्हणता येणार नाही.

चैत्र लागला. बाळाला घेऊन सून परत आली. पहिली कुंडी घुशीने उकरली, असे सांगायचे सासूने मनाशी पक्के केले होते. घुशीचे वर्णनसुद्धा तयार होते. पण सुनेने बाळ तिच्या मांडीवर ठेवले आणि विचारले, "कुंड्या कशा आहेत, आई?" तेव्हा सासूच्या तोंडून निघाले, "दोन राखल्या. एक माझ्या हातून गेली असावी. पाणी घातलं, आणि उकरलीही."

सून हसू लागली. "एकच? तिन्ही उकरल्या असतील असं धरून मी येताना आणखी कंद आणलेत!"

गौर बसली त्या सकाळी दुसऱ्या कुंडीतली माती तडकली होती, आणि भेगेतून एक फूल वर आले होते. पांढरे, जांभळ्या झाकेचे, सुवासिक. ना पान, ना उंच देठ. दुपारी तिसऱ्या कुंडीतही एक उमलले. सकाळचे पहिले फूल सासूने गौरीला वाहिले.

संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेली शेजारीण कैरीची डाळ खातखात परसात गेली आणि तिसऱ्या कुंडीपाशी वाकली. "हे मातीत नुसतं खोचलंय की काय?" म्हणत तिने हात पुढे केला.

"हात लावायचा नाही," सासू म्हणाली. तिचा तो स्वर शेजारणीने कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने शेजारीण हळूच म्हणाली, "मलाही एक कंद द्याल का?"

"देईन की. पण तुमच्याकडे सावली कुठाय?"

दोघी हसल्या. आत पाळण्यात बाळ झोपले होते. पाळण्याजवळून जाताना सासूचा हात त्याच्या दुपट्याकडे गेला, क्षणभर थांबला आणि मागे आला.

तात्पर्य सांगायचे तर इतकेच: निगा राखणे आणि हात लावणे ही दोन वेगळी कामे आहेत; ज्याला पहिले नीट जमते, त्याला दुसरे कधी टाळायचे तेही कळते.

पहिली कुंडी अजून त्या पायरीवर आहे. आतला कंद जिवंत आहे की नाही, हे कोणालाच माहीत नाही. कोणी उकरून पाहिलेले नाही.