न सांगितलेली युक्ती

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावच्या शाळेत गणित शिकवणारे एक गुरुजी होते. पाढे सुरू झाले की पोरं पेंगायची. म्हणून गुरुजींनी एक खेळ काढला.

जमिनीवर बारा खडे मांडायचे. दोघांनी आळीपाळीने एक किंवा दोन खडे उचलायचे. शेवटचा खडा ज्याच्या हाती, तो जिंकला.

पोरं हरखली. गुरुजी प्रत्येकाला पहिली पाळी देत आणि प्रत्येकाला हरवत. मग टाळ्या पडत. गुरुजींना त्या मनातून फार आवडत. पण हळूहळू टाळ्या विरल्या. गुरुजी खडे मांडू लागले की पोरं खिडकीबाहेर बघत.

"का रे, कंटाळलात?" गुरुजींनी विचारलं.

ठकू नावाची एक मुलगी म्हणाली, "शेवटी तुम्हीच जिंकणार, गुरुजी. मग आम्ही कशाला खेळायचं? युक्ती तरी सांगा."

युक्ती गुरुजींच्या ओठांवर आली होती. सांगितली असती तर पोरं खूश झाली असती, वर गुरुजींच्या हुशारीचं कौतुकही झालं असतं. पण मग पोरांना शोधायला काय उरलं असतं?

त्यांनी तीन खडे ठेवले, बाकीचे बाजूला सारले. "एवढेच असते तर?" असं विचारून ते मागे जाऊन बसले.

गप्प बसणं त्यांना फार जड गेलं. पोरं चुकत, भांडत, पुन्हा मांडत, आणि गुरुजी तोंडाशी आलेलं उत्तर गिळत.

काही दिवसांनी ठकू ओरडली, "तीन उरले आणि पाळी माझी आली, तर मी हरलेच! मी एक घेतला तर समोरचा दोन घेणार, मी दोन घेतले तर तो एक घेणार!"

"मग सहाचंही तसंच!" दुसरा म्हणाला. "नऊचंही!" तिसरा म्हणाला. पाढ्यांना पेंगणारी पोरं तीनचा पाढा आपणहून म्हणत होती.

ठकूने बारा खडे मांडले. "गुरुजी, आज पहिली पाळी तुमची."

गुरुजी हरले. त्यांना क्षणभर चुटपुट लागली. पण नाचणारा वर्ग पाहून त्यांचे डोळे भरून आले.

एवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "आणि एका वेळी तीन खडेही उचलता आले तर?"

हा प्रश्न गुरुजींना कधी पडलाच नव्हता. ते पोरांच्या घोळक्यात जमिनीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मलाही नाही माहीत. मांडा खडे, बघू."

तात्पर्य एवढंच: आयतं उत्तर मिळालं की मुलाचा विचार तिथेच थांबतो, स्वतः शोधू दिलं, तर पुढचा प्रश्न ते मूलच विचारतं.