म्हाळूचं नारिंगी जाकीट

एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा तरुण होता. भोळे काय, गावोगाव असतात. पण या भोळ्याला सरकारने जाकीट दिलं.

झालं असं, की तालुक्याच्या आपत्ती विभागाने ‘हाक’ नावाचं अ‍ॅप काढलं. आग लागो की अपघात होवो, बटण दाबलं की बंब नाहीतर अ‍ॅम्ब्युलन्स दारात. त्यासाठी गावागणिक एक ‘संकटमित्र’ हवा होता. बाकीच्यांच्या मोबाइलमध्ये सुप्रभातच्या फुलांमुळे जागा उरली नव्हती. म्हाळूचा मोबाइल मोकळा होता, कारण त्याला कोणी काही पाठवत नसे. विभागाच्या निगुडकर साहेबांनी त्याला नारिंगी जाकीट घातलं आणि बजावलं, "सांगितलं तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

ही अट म्हाळूला अजिबात जड गेली नाही.

जाकीट बघून शेजारगावच्या तात्या खैऱ्यांनी आपली लेक द्यायची तयारी दाखवली. म्हाळूची आई गोजराबाई हरखून गेली. "जाकीट हाय तवर सोयरीक हाय. जप बाबा," ती म्हणाली. म्हाळू जाकीट घालूनच झोपू लागला.

लवकरच सरपंच आण्णांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. लोक बादल्या घेऊन धावले. म्हाळूने बटण दाबलं. अ‍ॅप म्हणालं, ‘घटनेचा स्पष्ट फोटो पाठवा.’ त्याने पाठवला. अ‍ॅप म्हणालं, ‘फोटो अस्पष्ट आहे.’ धुरामुळे काही दिसतच नव्हतं.

"बाजूला व्हा, फोटोत येताय," म्हाळू बादलीवाल्यांना म्हणाला.

"आरं, गंजी जळतीय."

"धूर सरू द्या. मग झ्याक येतोय बघा."

धूर सरला. फोटो झ्याक आला. त्यात राख होती. बंब आला तेव्हा विझवायला फक्त आण्णांचा राग उरला होता.

"गाढवा, आग लहान असतानाच कळवायचं," निगुडकर साहेब म्हणाले.

"हे आधी सांगायचं की, साहेब."

दुसऱ्या दिवशी गोजराबाईने चूल पेटवली. म्हाळूने वाकून पाहिलं. आग अगदी लहान होती. त्याने लगेच कळवलं, आणि या वेळी फोटोही पहिल्या फटक्यात स्पष्ट आला. अ‍ॅपमध्ये ‘चूल’ असा पर्याय नव्हता, ‘घराला आग’ असा होता, म्हणून बंबवाल्यांनी घर विझवलं. आधी भाकऱ्या तरंगत अंगणात आल्या, मागून गोजराबाई आली.

"मदत हवी का, हे आधी विचारायचं," साहेब ओरडले. "माणूस हो म्हणाला तरच बटण दाबायचं. पुन्हा चुकलास तर जाकीट जाईल."

पुढे उन्हाने भोवळ येऊन सरपंच आण्णा पारावर आडवे झाले. म्हाळू शेजारी बसला.

"आण्णा, मदत हवी का?"

आण्णा गप्प.

"निस्तं हो म्हना, की दाबतो."

आण्णा गप्पच.

"गंजीचा राग गेला नाय अजून," म्हाळू म्हणाला आणि त्यांना वारा घालत बसला. शेवटी लोकांनी आण्णांना ट्रॅक्टरमध्ये घालून दवाखान्यात नेलं, म्हणून ते वाचले.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "बेशुद्ध माणूस बोलतो का रे? जो बोलत नाही त्याला विचारत बसायचं नाही. थेट गाडीत घालायचं. आता ही शेवटची संधी."

"आता नाय चुकनार," म्हाळू म्हणाला. आणि तो शब्दाला जागला, हेच वाईट झालं.

‘हाक’ला वर्ष झालं, म्हणून शाळेच्या मैदानावर सोहळा ठेवला. झेंडूच्या माळा घालून बंब आणि अ‍ॅम्ब्युलन्स कुंपणाशी उभ्या केल्या. लग्नाची तारीख पक्की करायला तात्या खैरेही आले आणि गोजराबाईच्या शेजारी पुढच्या रांगेत बसले. साहेबांनी म्हाळूला नारळ आणायला धाडलं. तो गेला आणि इकडे साहेबांनी, खात्याचे जुने अधिकारी कालच वारले म्हणून, सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.

म्हाळू नारळ घेऊन आला. बघतो तर मंचावर सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले. कोणी बोलत नव्हतं. त्याने बटण दाबलं.

अ‍ॅप वाजलं की प्रश्न न विचारता स्ट्रेचर काढायचं, असा गाडीवाल्यांना लेखी हुकूम होता. खाली सही निगुडकर साहेबांचीच होती. एकेक पाहुणा आडवा होऊ लागला. श्रद्धांजली चालू असताना बोलणं बरं दिसेना, म्हणून सगळे मुकाट उचलले गेले.

साहेबांनी डोळे उघडले आणि लालबुंद झाले. ओठ नुसते थरथरले, शब्द काही फुटेना. म्हाळूने एकदाच निरखून पाहिलं.

"घाला गाडीत," तो म्हणाला.

पुढच्या रांगेत तात्या खैरे आ वासून बघत राहिले होते. म्हाळू त्यांच्याकडे वळला.

"म्हाळ्या, त्यास्नी तरी सोड," गोजराबाई कळवळली. "व्हनारं सासरं हाईत तुझं."

"म्हनूनच, आई. घरच्या मानसाची हयगय करून चालंल का?" म्हाळूने पाय धरले, गाडीवाल्याने खांदे धरले, आणि सोयरीक साहेबांच्या शेजारी जाऊन पडली.

गोजराबाई मटकन खाली बसली. तोंडावर पदर धरून ती जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिली. तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

म्हाळू गाडीमागे धावला. "ओ डायव्हर, थांबा," तो ओरडला. "आनखी एक हाय."