साप रहिवासी की पाहुणा?

झाडांना अजून सोसायटी म्हणत नसत, तेव्हाची गोष्ट. उंबरावरच्या साळुंकीच्या पिल्लांच्या खाण्याचा कचरा रोज खालच्या खारीच्या दारात पडे आणि रोज भांडण होई. कंटाळून सगळ्यांनी बगळ्याला मॅनेजर नेमलं. झाड स्वच्छ झालं आणि गप्पही.

एके दुपारी साप खारीच्या ढोलीकडे चढू लागला. आत पिल्लू झोपलं होतं. खार बगळ्याकडे धावली.

"साहेब, साप!"

"तक्रार नोंदवली. साप रहिवासी की पाहुणा?"

"मेल्या, आधी चोच मार!" वरून साळुंकी किंचाळली आणि स्वतःच झेपावली. मागोमाग सगळं झाड कालवा करत तुटून पडलं. साप पळाला. बगळ्याने शांतताभंगाची नोटीस काढली.

दुसऱ्या दिवशी खारीच्या दारात पुन्हा कचरा पडला. बगळ्याकडे न जाता तिने वर पाहिलं.

"काय गं, आज पिल्लांना काय भरवलंस?"