उबाईचा घास

हात जोडा, पाय पोटाशी घ्या, आणि उबाईची कहाणी ऐका. नदीच्या वळणावर एक नगर होतं. तिथं एका कुंभाराचं घर होतं. घरात कोंडाबाई म्हातारी, तिचे तीन मुलगे, तीन सुना. थोरली बोलकी, मधली हुशार, धाकटी येसू गरीब. गरीब म्हणजे काय, तर तिला काहीही म्हटलं तरी चालायचं.

त्या नगरात उबाईचा वसा होता. रथसप्तमी झाली, ऊन जरा फिरलं, की म्हातारीनं अंगणात बसावं. बायांची जुनी लुगडी एकावर एक घालावीत, गोधडी शिवावी. तीन कडा बंद कराव्यात, चौथी उघडी ठेवावी. मग शिवणारणीनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडावी, आत घालावी. म्हणावं, "गोधडीबाई, आधी तू जेव, मग माझ्या माणसांना ऊब दे." मग चौथी कड शिवावी. उतू नये, मातू नये, दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये. कारण गोधडी चव विसरत नाही. ज्याच्या तोंडचा घास मिळाला त्याला ती ओळखून ठेवते. आपणहून दिला असेल तर त्याला पांघरते. ओरबाडून घेतला असेल तर पुन्हा त्याच्याकडेच मागते.

कोंडाबाईला हे ठाऊक होतं. पण तिला स्वतःची भाकरी मोडवत नव्हती.

पहिल्या वर्षी येसू जेवायला बसली. कोंडाबाई म्हणाली, "अगं येसू, तुझं पोट लहान. आण इकडं." येसूनं दिली. दुसऱ्या वर्षी येसू पोटुशी होती. "अगं येसू, फार खाल्लंस तर बाळंतपण अवघड जाईल. आण इकडं." येसूनं दिली. तिसऱ्या वर्षी येसूच्या मांडीवर राही होती, अंगावर पीत होती.

"आत्याबाई, यंदा नको. दूध आटलंय माझं."

"आमच्या वेळेला आम्ही तोंड उघडत नव्हतो."

थोरली हसली. मधलीनं आपलं ताट पदराखाली ओढलं. येसूचा नवरा मडकं थापटत होता, त्याला काही ऐकू आलं नाही. येसूनं दिली.

मग त्याच माघात येसू त्या गोधडीखाली निजली ती उठली नाही. ताप नव्हता, जखम नव्हती. अंगाला हात लावला तर नदीतल्या दगडासारखी गार. कोंडाबाई म्हणाली, "तिचं आयुष्यच तेवढं." म्हाताऱ्यांकडे हे वाक्य तयार असतं.

मग राही आपलं ताट आपण उचलण्याइतकी मोठी झाली. पुन्हा माघ आला. येसूचं जांभळं लुगडं पेटीत पडून होतं. कोंडाबाई म्हणाली, "धड कापड आहे, वाया कशाला घालवायचं?" मग ती अंगणात बसली. अंगावर कोवळं ऊन, समोर आंब्याला मोहोर. टाके घालता घालता ती मनाशी बोलू लागली. हा काठ माझ्या सासूचा. बाई कडक, पण घर राखलं. हा तुकडा नणंदेचा. हसरी होती बिचारी. हे हिरवं माझं, लग्नातलं. घर म्हणजे असंच, एकाला एक जोडत जायचं. सुई कुणाला तरी टोचणारच. टोचली नसती तर हे सगळे एकत्र राहिले असते का? असं म्हणाली आणि स्वतःवरच खूश झाली. मग हात जांभळ्या तुकड्यावर आला. तिथं तिनं टाके भरभर घातले.

चौथी कड राहिली. थोरली ताट घेऊन शेजारी गेली. मधली म्हणाली, "माझं जेवण झालं." कोंडाबाईनं आपल्या भाकरीकडे पाहिलं. गरम, टम्म फुगलेली, वर लोण्याचा गोळा. मग तिनं राहीकडे पाहिलं.

"राही, तुझं पोट लहान. आण इकडं."

"आजी, मला भूक लागलीय."

"आईवर गेलीस अगदी."

मग तिनं राहीची भाकरी मोडली, आत घातली, कड शिवली.

मग माघ सरला, होळी पेटली, नगरात पळस फुलला. कोंडाबाईच्या घरातला माघ मात्र उठेना. अंगणातला मोहोर काळा पडला. भट्टीतून मडकी काढली ती गार निघाली. राही गोधडीखाली पडली, तिला उठवेना. गोधडी दिवसागणिक जड झाली. आधी एका बाईला उचलेना, मग दोघींना, मग तिघींना. ओढावी तर राही तिच्यासकट ओढली जायची. पोरीचे ओठ लुगड्यासारखे जांभळे झाले. भर दुपारी चाक थांबलं, घर शांत झालं, की गोधडीतून आवाज यायचा. कुणीतरी सावकाश चावत असल्यासारखा.

"आजी, आतली बाई अजून मागतेय. माझ्याकडे आता काहीच नाही."

कोंडाबाई घाबरली. एवढी एक नात होती घरात.

मग एके दुपारी दारात एक भिकारीण आली. उन्हात उभी राहिली, तिची सावली पडली नाही.

"बये, चैत्र लागला. तुझ्या घरात अजून माघ का बसलाय?"

"गोधडी खातेय माझ्या नातीला."

"घास कुणाचा घातलास?"

"घरातलाच."

"घरातला कुणाचा?"

कोंडाबाई चिडली. "माझ्या सासूनं माझ्या ताटातला घेतला होता! नवी सून मी. भुकेनं सुईत दोरा जायचा नाही. मला विचारलं का कुणी?"

"नाही विचारलं. वाईट झालं. पण घेतलं सासूनं, आणि तू काढून घेतलंस येसूकडून. येसू पुरली नाही तर तिच्या लेकीकडून. जा, कड उसव. तुझं घाल."

एवढं बोलून ती दिसेनाशी झाली. उभी होती तिथं मूठभर गरम राख राहिली.

मग कोंडाबाईनं कड उसवली. थोरलीच्या डब्यातली तुपाची पोळी आत घातली. सकाळी पोळी उंबऱ्यावर पडलेली, वर दातांच्या खुणा. मग देवापुढचा नैवेद्य घातला. तोही उंबऱ्यावर, वर दातांच्या खुणा. मग आपल्या भाकरीची करपलेली कड मोडली, जी ती एरवी कुत्र्याला टाकायची, ती घातली. ती तर उंबऱ्याच्याही बाहेर, अंगणात. राहीचा आवाज गेला. मग श्वास अडकायला लागला.

मग कोंडाबाईनं गरम भाकरी घेतली, अर्धी मोडली, आत घातली. आतून आवाज आला. आवाज येसूचा होता.

"आत्याबाई, तुमचं पोट मोठं. अर्ध्यानं काय होतंय?"

कोंडाबाईनं उरलेली अर्धी घातली. कड मिटली नाही. लोण्याचा गोळा घातला. कड मिटली नाही. मग ती राहीकडे बघत राहिली. मग गोधडीची कड धरून स्वतः आत सरकली. आत पंगत बसली होती. सासू होती, नणंद होती, येसू होती. कुणाच्या ताटात काही नव्हतं. एक पाट रिकामा होता. येसूनं तो पुढं सरकवला. कोंडाबाई म्हणाली, "बसते गं."

मग राहीच्या कपाळावर घाम आला. ती उठून बसली, म्हणाली, "उकडतंय." सुना धावत आल्या. गोधडी उचलली तर कापसासारखी हलकी. खाली कोणी नव्हतं. मधोमध एक नवं पिवळं ठिगळ होतं. त्या दिवशी कोंडाबाई पिवळं लुगडं नेसली होती.

भट्टी तापली. आंब्याला मोहोर फुटला. थोरलीनं गळा काढला, "आत्याबाई देवमाणूस होत्या हो!"

राही म्हणाली, "नव्हती. शेवटी एकदा तिनं आपलं दिलं, एवढंच. आणि काकी, तुझी भाकरी कुठाय?"

थोरलीनं ताट पदराखालून बाहेर काढलं. मधलीनंही काढलं.

मग राही मोठी झाली. दर माघात ती उन्हात बसते, गोधडी शिवते, आपलीच भाकरी मोडते. कड शिवून झाली की कान लावते. आत चावल्याचा आवाज येतो. मग एक म्हातारा आवाज विचारतो, "राही, अजून थोडी आहे का गं?"

राही म्हणते, "नाही आजी. एवढीच."

उबाईमाते, राहीच्या अंगावरचा माघ उठला तसा तुमच्याआमच्या लेकीसुनांच्या अंगावरचा उठो. येसूला मिळाला नाही तो घास त्यांना मिळो. आणि ऐकायला बसलेल्या म्हाताऱ्यांनो, आज जेवताना तुमचा हात कुणाच्या ताटाकडे जातो, तिकडे उबाईचं लक्ष आहे. लांब होती ती आखूड केली, उपाशी होती ती जेवू घातली, ही कहाणी फळासकट इथं पुरी झाली.