पांढऱ्या केसांची रांग

डोंगराआडच्या एका गावात एक न्हावी होता. हात हलका, नजर तीक्ष्ण, पण तोरा असा की विचारू नका!

एका वर्षी गावात तापाची साथ आली. रोज कुठल्या ना कुठल्या घरातून रडण्याचा आवाज येई. वैद्यबुवांचा काढा पुरेना, तेव्हा पाटलांनी हुकूम काढला, "तरण्यांना आधी. म्हाताऱ्यांचं काय, जगून झालंय त्यांचं." पण गावात स्वतःचं नेमकं वय कोणाला ठाऊक? मग ठरलं, केस पांढरे तो मागे. आणि केस पारखायला कोण? अर्थात न्हावी!

न्हाव्याची छाती फुगली. रांगेपाशी उभा राहून तो एकेकाला पागोटं, पदर बाजूला करायला लावी. "बाबा, तुम्ही मागे." मागच्यांची पाळी येईपर्यंत काढ्याचा हंडा रिकामा होई.

चौथ्या दिवशी पदराच्या टोकाने तोंड झाकून एक बाई पुढे आली. केस काळेभोर. न्हाव्याला संशय आला. त्याने केसांना हात लावला, तर बोटं काळी झाली. तव्याची काजळी!

"लबाडी!" तो ओरडला. बाईने पदर सारला. ती त्याची थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं.

"अक्का, तू? मागे हो गं, सगळे बघतायत," तो पुटपुटला.

"होते मागे. पण सांग, एवढे केस बघितलेस, एकाच्या तरी कपाळाला हात लावलास का रे?"

त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. चटकाच बसला. मग त्याने पुढच्या तरण्या गड्याचं कपाळ चाचपलं. थंडगार!

गडी गडबडला. "मला कुठे ताप आलाय? येऊ नये म्हणून रोज घेतो एक वाटी."

न्हावी ओट्यावर बसलेल्या पाटलांकडे वळला. तो मोठ्याने म्हणाला, "पाटील, केस बघणं माझं काम, ताप बघणं वैद्यबुवांचं. कपाळ तापलंय तो पुढे येईल, मग ती माझी अक्का असो की आणखी कोणाची!"

"गावात राहायचंय ना तुला?" पाटलांनी डोळे वटारले. न्हावी जागचा हलला नाही. तेवढ्यात हंड्यापाशी बसलेले वैद्यबुवा उठले आणि मुकाट्याने एकेकाचं कपाळ बघू लागले. धडधाकट गडी खाली मान घालून घरी गेले.

त्या दिवशी काढा शेवटच्या माणसापर्यंत पुरला. आठ दिवसांत अक्का उठून बसली. पण आधीच्या तीन दिवसांत न्हाव्याने मागे काढलेली दोन म्हातारी माणसं तोवर दगावली होती. त्याबद्दल त्याला कोणी एका शब्दानेही बोललं नाही, आणि तेच त्याला जन्मभर सोसवलं नाही.

तात्पर्य: औषध आजाऱ्याच्या हक्काचं असतं; त्याचं किती जगून झालं, हे ठरवणारे आपण कोण?