आधी कडी, मग दार

“भैरूला दिलात तो कॅमेरा मला का दाखवला नाहीत, चाचा?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. डोळ्याला घड्याळजीचं भिंग होतं आणि चिमट्यात तिळाएवढा स्क्रू. तो जागेवर बसेपर्यंत चाचा कुणाशी बोलत नसत, मग समोर कलेक्टर का असेना.

स्क्रू बसला.

“तू मागितला न्हाईस,” चाचा म्हणाले.

“आता मागतोय.”

“आता तो भैरूचा हाय.”

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत चाचांचं दुकान होतं. पन्नास वर्षं ते फिल्मचे कॅमेरे दुरुस्त करत होते. लोकांच्या खिशात मोबाइल आले, फिल्मवाले एकेक करून संपले, चाचा मात्र आपल्या स्टुलावर तसेच बसून राहिले. जुना कॅमेरा घ्यायचा तर त्यांच्याकडूनच, आणि शिकायचा तरी त्यांच्याकडूनच. त्यांच्याकडे बसून शिकलेले दोघेच होते. एक हा कॅमेरा मागणारा शीतल चौगुले आणि दुसरा भैरू गुरव.

शीतल सांगलीचा. घरच्यांनी तीर्थंकरांच्या नावावरून नाव ठेवलं होतं, पण गेले पंधरा दिवस या शीतलच्या पोटात नुसता आगडोंब होता. त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता, सहा कॅमेरे होते, लग्नसराईत हाताखाली चार माणसं असत. भैरू हळदीच्या बाजारात पोत्यांवर मार्का मारायचा. त्याच्याकडे एकच कॅमेरा होता, तोही चाचांनी दिलेला.

आणि तरीही चाचांच्या भिंतीवर जो एकुलता एक फोटो होता, तो भैरूने काढलेला होता.

शीतलने त्या फोटोकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवूनही नजर तिकडेच जात होती. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाला हळदीच्या धुरळ्याने शिंक आली आहे, तोंड वेडंवाकडं झालंय, पोतं कलंडतंय आणि आजूबाजूचे सगळे पोट धरून हसताहेत. फोटो काळा-पांढरा. पण बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, यात हळद पिवळी दिसते.

शीतललाही ती पिवळी दिसत होती. तेच त्याला सोसत नव्हतं.

शिवाय पुण्याच्या प्रदर्शनात भैरूचे बारा फोटो लागणार होते. शीतलनेही पाठवले होते. त्याचे आभाराच्या चिठ्ठीसकट परत आले.

“लेन्सचा गुण आहे तो,” शीतल म्हणाला. “तसली लेन्स मला मिळाली असती तर...”

“नाचता येईना...” चाचा म्हणाले, आणि म्हण अर्धीच सोडून त्यांनी टेबलावर हिरवं फडकं अंथरलं.

फडक्यावर तीन कॅमेरे मांडले. तिन्ही जुने, तिन्ही चालू, तिन्हींना लेन्स लावलेल्या.

“निवड.”

निवडण्यात शीतलचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने खिशातून बारकी बॅटरी काढली. पहिल्या लेन्समधून आरपार उजेड सोडला.

“बुरशी आहे. कडेला जाळं धरलंय.”

“हाय.”

दुसऱ्या कॅमेऱ्याचं शटर एका सेकंदावर लावून त्याने डोळे मिटून ऐकलं.

“रेंगाळतंय. सव्वा सेकंद घेतंय.”

“घेतंय खरं.”

तिसऱ्यात त्याला काही सापडेना. काच स्वच्छ, लेन्समधल्या पात्यांवर तेलाचा डाग नाही, अंगावर ओरखडा नाही. त्याने तो उलटासुलटा केला आणि खाली ठेवला.

“हा कुणी वापरलेलाच दिसत नाही.”

“मग घे की.”

“...बघतो.”

त्याचं लक्ष फडक्यावर नव्हतंच. मागच्या फळीवर लाल चौकड्याच्या रुमालात काहीतरी बांधून ठेवलं होतं. तो रुमाल शीतलने भैरूच्या गळ्यात शंभरदा पाहिला होता.

“रोल फुडं सरकवायचा लिव्हर अडकत होता म्हणून टाकून गेलाय,” त्याची नजर कुठे आहे ते पाहून चाचा म्हणाले. “झालाय. संध्याकाळी त्याच्या घरी पोचवायचाय.”

मशिदीतून दुपारनंतरची, असरची अजान झाली. चाचांनी डोळ्याचं भिंग काढलं, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि टोपी शोधली.

“नमाज पढून येतो. तोवर दुकान बघ.”

चाचा गेले. शेजारच्या दुकानात कुणीतरी तंबोऱ्याची एकच तार पुन्हा पुन्हा जुळवत होतं.

शीतलने दुकान किती वेळ बघितलं म्हणाल, तर तार दोनदा वाजेपर्यंत.

मग त्याने रुमाल सोडला.

बघतो तर काय, कॅमेऱ्याच्या कडांचा रंग उडून पितळ उघडं पडलेलं. एक कोपरा चेपलेला. आणि ज्या लेन्सपायी त्याची झोप उडाली होती, तिच्या काचेवर गव्हाच्या दाण्याएवढा टवका! असली लेन्स त्याने भंगारातसुद्धा उचलली नसती.

म्हणजे लेन्सचा गुण नव्हता. आता दोष द्यायला दुसरं काही उरलं नाही, आणि शीतलला भैरूचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला.

किती फोटो काढून झाले ते दाखवणाऱ्या वरच्या बारक्या खिडकीत एकतीसचा आकडा होता.

चाचांकडे पहिल्या दिवशी जो धडा मिळायचा, तो हाताला लागेपर्यंत ते दुसरं काही शिकवत नसत. कॅमेऱ्याच्या डाव्या खांद्यावर रोल परत गुंडाळायची चकती असते. मागचं दार उघडण्याआधी ती फिरवून बघायची. मोकळी गरगरली तर आत काही नाही. अडली तर आत रोल आहे, आणि दार उघडलं की उजेड शिरून तो मेलाच. चाचा याला कडी वाजवणं म्हणत. “लोकाच्या घरी गेल्यावर कडी वाजवतोस न्हवं? तसंच हे. आधी कडी, मग दार. घरात माणूस हाय का बघ.”

शीतलने चकती फिरवली.

अडली.

त्याने पुन्हा फिरवून बघितली. पुन्हा अडली. आत रोल होता. एकतीस फोटो. पुण्याचेच असणार... त्यात आणखी एखादी शिंक असेल, आणखी एखादी पिवळी हळद असेल, आणि लोक पुन्हा तिच्यासमोर तोंडात बोट घालून उभे राहतील.

ती तार अजून जुळत नव्हती.

शीतलने चकती वर ओढली. खट् झालं. दार बोटभर उघडलं, दुपारचा उजेड आत गेला, आणि त्याने लगेच ते मिटवलं.

मग त्याने रुमाल होता तसा बांधला, गाठही तशीच मारली. तिसरा कॅमेरा मांडीवर घेऊन तो बसून राहिला.

चाचा आले.

“निवडलास?”

“हा घेतो. तिसरा.”

“बरं,” चाचा म्हणाले. त्यांनी फळीवरचा रुमाल काढून टेबलावर ठेवला. गाठ सोडली, कॅमेरा हातात घेतला आणि वरून क्षणभर पाहिला.

“कुणी आलं होतं का?”

“नाही. कुणीच नाही.”

“हं.”

आणि मग चाचांनी जे केलं ते शीतलने जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी कडी वाजवली नाही. सरळ चकती ओढली आणि दार सताड उघडलं.

आत रोल होता. रस्त्यावरचा उजेड त्याच्यावर पडला होता.

“कडी न वाजवता दार उघडलं, शीतल. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.”

सुंठीवाचून खोकला गेला होता. रोल गेला, आणि गेला तो चाचांच्या हातून, साक्षीला शीतल स्वतः. आता त्याला काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

“वय झालं तुमचं,” तो म्हणाला. आपल्याच आवाजातला कळवळा त्याला फार बरा वाटला.

“झालं खरं.”

चाचांनी एकेक स्क्रूड्रायव्हर पुसला आणि कातडी पाकिटात घातला. मोठा, त्याहून लहान, त्याहून लहान. पाकीट गुंडाळून त्याची दोरी बांधली. ते पाकीट दुकान उघडं असताना बांधलेलं शीतलने कधी पाहिलं नव्हतं.

“हे काय करताय?”

“मेस्त्रीनं कडी वाजवली न्हाई तर लोकांनी त्याच्याकडं कॅमेरा कशाला द्यावा?” चाचांनी पायानेच चपला शोधल्या. “चल, मला गाडीवर घे. भैरूकडं जायाचंच हाय.”

“काय सांगणार त्याला?”

“तू सांग की. तू हुतास इथं. काय बघितलंस ते सांग.”

शीतल उठला. किल्ली काढली. चाचा त्याच्या खांद्याचा आधार घेऊन पायरी उतरू लागले. ओझं कसलं, चिपाडासारखं अंग. तरी एका पायरीवर तो हात शीतलला पेलेना. याच हाताने त्याची बोटं धरून पहिला रोल भरायला शिकवलं होतं, अंधाऱ्या खोलीत.

“चाचा...”

“काय?”

“दार मी उघडलं. तुमच्या आधी.”

चाचा पायरीवर थांबले.

“कडी वाजवली होती. रोल आहे हे कळलं होतं. तरी उघडलं.” आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. “मला बघवत नाही त्याचं. तो फोटो बघवत नाही. त्याला पुण्याला बोलावलं, मला नाही, हे सहन होत नाही. मी जळतो त्याच्यावर, चाचा.”

“ठाव हाय.”

“...कसं?”

चाचा वळले, परत आत गेले आणि स्टुलावर बसले. कॅमेऱ्याच्या वरच्या खिडकीकडे त्यांनी बोट केलं.

खिडकीत शून्य होतं.

शीतलने कपाळावर हात मारला. दार उघडलं की आकडा शून्यावर जातो, हे कॅमेरा नवा शिकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. सव्वा सेकंद कानाने ओळखणाऱ्या माणसाला ते आठवलं नव्हतं.

“मी जातो भैरूकडे,” तो म्हणाला. “एकटा जातो. त्याच्या पाया पडतो. त्याचे एकतीस फोटो...”

“त्याचे न्हाईत.”

चाचांनी आतला रोल ओढून त्याच्या हातात दिला. कडेची भोकं झिजून फाटलेली, मध्ये दोन ठिकाणी चिकटपट्टी. लिव्हर दुरुस्त केल्यावर नीट फिरतो का ते बघायला चाचा जो टाकाऊ रोल भरत, तोच तो. दहा वर्षं वापरातला, कधीच मेलेला. भैरूने कॅमेरा रिकामाच दिला होता.

शीतल त्या रोलकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच.

“म्हणजे भैरूचं काहीच गेलं नाही!”

“भैरूचं न्हाई गेलं.”

हसू तिथेच थांबलं. शेजारची तारही थांबली होती. जुळली असावी, नाहीतर कारागिराने नाद सोडला असावा.

शीतलने फडक्यावरच्या तिन्ही कॅमेऱ्यांवरून हात फिरवला. कुठलाच उचलला नाही.

“कुठला घेऊ, चाचा? तुम्हीच सांगा.”

चाचांनी पाकिटाची दोरी सोडली. सगळ्यात मोठा स्क्रूड्रायव्हर काढला, उलटा धरला आणि त्याच्या लाकडी मुठीने शीतलच्या छातीवर, सदऱ्याच्या खिशावर, हलकेच दोनदा ठोकलं.

“आधी कडी वाजीव,” ते म्हणाले. “घरात माणूस हाय का बघ.”