एका तोंडाचे तीन रथ

खूप खूप वर्षांपूर्वी, राजे रथातून हिंडत आणि बाकीची प्रजा त्यांच्यामागची धूळ खात असे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

एका राज्यात राजाची रथशाळा होती. तिची मुख्य होती एक रथकारीण. हात कसबी, जीभ तिखट, आणि उगाच कुणापुढे मान तुकवायची म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडायची. तिच्या हाताखाली तीन तऱ्हेचे रथ बनत. थोरला रथ राजेलोकांसाठी, चांगला ऐसपैस. मधला सरदारांसाठी, लांबच्या वाटेला न थकणारा. आणि धाकटा वैद्य, सुईणी, गावोगावचे पाटील यांच्यासाठी, बोळातूनही सहज वळणारा. थोरल्याच्या तोंडावर पितळी हत्ती असे, मधल्याच्या तोंडावर मोर आणि धाकट्याच्या तोंडावर हरीण. लांबून कोणता रथ येतोय, हे पोरंसोरंही सांगत.

एक गोष्ट मात्र तिन्ही रथांत सारखी होती. बैठकीखाली कातड्याचे रुंद पट्टे ताणून बसवलेले असत. त्यामुळे रस्त्यातले धक्के बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोचत नसत. रथकारीण म्हणे, "हुद्दा वेगवेगळा असेल, पाठ सगळ्यांची सारखीच दुखते."

पुढे राज्याला नवा प्रधान आला. नव्या माणसाला नवं काहीतरी करून दाखवायची भारी हौस असते. तो राजाला म्हणाला, "महाराज, हत्ती, मोर, हरीण हे आता जुनं झालं. तिन्ही रथांना एकच तोंड देऊ, सिंहाचं! आकारही एकसारखा ठेवू, फक्त लहानमोठा. धाकट्यात बसलेल्यालासुद्धा वाटेल, आपण राजाच्याच रथात बसलोय."

राजा खूश झाला. रथकारीण म्हणाली, "तोंड एक केलंत, तर थोरल्याचं थोरलेपण दिसणार कशात?" तिचं कोण ऐकतो! रथाचं तोंड बदलण्यात काही पाप नव्हतं, म्हणून तिनं ते बदलून दिलं.

झालं काय, की सरदारांनी आपसांत विचार केला. तोंड तेच, बैठक तितकीच सुखाची, मग हे मोठं धूड ओढत कशाला न्यायचं? एकेक करून सगळे धाकट्या रथात बसू लागले. एका सणाला राजाची स्वारी निघाली. पुढं एका कापडवाल्याचा धाकटा रथ चालला होता. लोकांनी त्यालाच राजा समजून वाकून मुजरे केले, आणि मागून खरा राजा आला तेव्हा ते चणे खात उभे होते. राजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रधानाकडे उपाय तयारच होता. रथकारणीला दरबारात बोलावून तो म्हणाला, "धाकट्या रथांचे पट्टे काढून टाका. बसू देत चांगले दणके. मग कळेल लोकांना थोरल्याची किंमत."

रथकारणीला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. मग तिनं राजाकडे पाहिलं. राजा हसत नव्हता.

"महाराज," ती म्हणाली, "थोरला रथ आणखी चांगला करायला सांगा. हातातला पेला हिंदकळणार नाही, असा करून देते. पण धड चाललेला रथ मुद्दाम बिघडवायचा? ते व्हायचं नाही."

"व्हायचं नाही, की करायचं नाही?" राजा गरजला.

"करायचं नाही."

"मग रथशाळा सोडून चालती हो!" राजा म्हणाला.

सारं आयुष्य तिनं त्या रथशाळेत घालवलं होतं. तरी ती म्हणाली, "होते चालती. वैद्याचंच कंबरडं मोडलं, तर आजाऱ्याकडे कोण जाणार, तेवढं मात्र प्रधानजींना विचारून ठेवा." आणि ती ताठ मानेनं निघाली. सरहद्दीवरच्या एका खेड्यात जाऊन ती बैलगाड्या बनवू लागली. आणि बरं का, बैलगाडीलाही ती कातड्याचे पट्टे लावी!

इकडे दुसऱ्या कारागिरांनी निमूटपणे पट्टे काढले. धाकट्या रथातून माणसं कण्हत उतरू लागली. सुईणी पायी जाऊ लागल्या आणि बाळं त्यांच्या आधीच पोचू लागली. सिंहाचं तोंड दिसलं की लोक पाठीला हात लावत, अगदी शेजारच्या राज्यातसुद्धा.

अशात राजाला शेजारच्या राज्यातून लग्नाचं आमंत्रण आलं. राजा प्रधानाला घेऊन थोरल्या रथातून थाटात निघाला. मागून नोकरांचा धाकटा रथ आला. शेजारच्या वेशीवर पहारेकऱ्यांनी सिंहाचं तोंड पाहिलं मात्र, ते खाट आणि गरम तेल घेऊन धावत आले.

"उतरा, उतरा! हळूच उतरा हं. कंबर शेकून देतो."

"अरे, मी राजा आहे! माझा रथ थोरला आहे!"

"असेल हो महाराज. तोंड तर तेच आहे. व्हा आडवे."

सगळं वऱ्हाड हसलं. यजमान राजा याच रथशाळेतून स्वतःसाठी थोरला रथ मागवणार होता, तोही त्यानं रद्द केला. "धाकट्यातलं मुद्दाम काढून घेणाऱ्यांनी थोरल्यातलं काय काढलं असेल, कुणी सांगावं?" तो म्हणाला.

परतताना त्यानं रथ रथकारणीच्या दारी नेला. "बाई, परत चला. माझ्या रथाची अब्रू राखा."

"तुमच्या रथाला काय झालंय?" ती म्हणाली. "बिघडवलाय तो धाकटा. इथून राजधानीपर्यंत त्यातून जा, आणि मग बोलवा मला."

"महाराजांना अट घालतेस?" प्रधान ओरडला.

"घालते."

राजा खाली उतरला आणि धाकट्या रथात जाऊन बसला. "प्रधानजी," तो म्हणाला, "तुम्हीही या."

राजधानीच्या वेशीत दोघांना उचलून उतरवावं लागलं. पाठ सरळ व्हायच्या आत राजानं हुकूम सोडला, "आजच्या आज सगळ्या धाकट्या रथांना पट्टे लावा, आणि त्या बाईंना मानानं घेऊन या!" रथकारीण आली, आणि आल्या आल्या तिनं पहिला हात घातला तो धाकट्या रथाला. आपल्या थोरल्या रथासाठी राजाला थांबावं लागलं, आणि तो थांबला.

तात्पर्य: आपण मोठं दिसावं म्हणून दुसऱ्याचं बिघडवायला सांगणारा खुद्द राजा असला, तरी त्याला तोंडावर नाही म्हणावं.